विश्लेषण : टाकी भरलेली, तरी शॉवरला धार का नाही? दाब वाढवण्याचे उपाय कोणते, धोके कोणते?

गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते, स्वयंपाकघरातला नळ व्यवस्थित चालतो, पण शॉवर सुरू केला की पाणी अंगावर पडण्याऐवजी भिंतीवरून ओघळते. महाराष्ट्रातील शहरांत, विशेषत: इमारतींच्या वरच्या मजल्यांवर, ही तक्रार नित्याची आहे. त्यावर प्लंबरकडून बहुतेक वेळा एकच तोडगा सुचवला जातो, तो म्हणजे प्रेशर पंप. काही घरांत तो आवश्यक असतो. पण अनेक घरांत दोष निघतो तो क्षारांनी बुजलेल्या चाळणीत, अर्धवट उघडलेल्या कॉकमध्ये किंवा चुकीच्या व्यासाच्या पाइपमध्ये. चुकीच्या जागी लावलेला पंप शेजाऱ्याचे पाणी तोडतो आणि महापालिकेच्या जलवाहिनीवर लावलेली मोटर तर संपूर्ण गल्लीच्या आरोग्याला धोका निर्माण करते. म्हणूनच पैसे खर्च करण्यापूर्वी पाणी नेमके कुठे अडते आहे, हे समजून घेणे गरजेचे ठरते.

दाब आणि प्रवाह यांत फरक काय?

बोलताना ‘प्रेशर नाही’ असे म्हटले जाते. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. दाब म्हणजे पाण्याला पुढे ढकलणारा जोर. प्रवाह म्हणजे एका मिनिटात प्रत्यक्ष बाहेर पडणारे पाणी. शॉवर बंद असताना पाइपमध्ये दाब असतो, प्रवाह शून्य असतो. शॉवर उघडला की पाणी वाहू लागते आणि वाटेतल्या पाइप, कोपरे, कॉक, मिक्सर यांच्याशी होणाऱ्या घर्षणात दाबाचा काही भाग खर्च होतो. जो उरतो, तोच शॉवरच्या छिद्रांतून पाणी बाहेर फेकतो.

त्यामुळे धार बारीक असण्याची कारणे दोनच. एक तर मुळात दाबच कमी आहे किंवा दाब पुरेसा असूनही वाटेत अडथळा आहे. पहिल्या प्रकारात टाकीची उंची किंवा पंप यांचा विचार करावा लागतो. दुसऱ्या प्रकारात पंप लावला तरी अडथळा तसाच राहतो. बहुतेक वेळा घोळ होतो तो हे दोन प्रकार वेगळे न केल्यामुळे.

वरच्या मजल्यावरच त्रास जास्त का?

गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब केवळ उंचीवर ठरतो. टाकीतील पाण्याची पातळी शॉवरपेक्षा जितकी वर, तितका दाब अधिक. १० मीटर उंचीमागे साधारण १ बार, म्हणजे १ मीटरमागे ०.१ बार, असा हिशोब आहे. टाकी ५०० लिटरची आहे की ५ हजार लिटरची, याचा दाबाशी संबंध नाही. ‘मोठी टाकी बसवली की जोर वाढतो’ हा समज त्यामुळेच चुकीचा आहे.

पाच मजली इमारतीचे उदाहरण घेऊ. टाकीचा तळ गच्चीपासून दीड मीटर उंचीवर आहे आणि टाकीत १ मीटर पाणी आहे. सर्वात वरच्या घरातील शॉवर गच्चीच्या पातळीपेक्षा साधारण १ मीटर खाली असतो. म्हणजे त्या शॉवरला मिळणारी एकूण उंची साडेतीन मीटर आणि दाब जेमतेम ०.३५ बार. टाकी रिकामी होत आली की तो ०.२५ बारवर येतो. त्याच इमारतीत चार मजले खाली राहणाऱ्या कुटुंबाला सुमारे साडेपंधरा मीटरची उंची, म्हणजे दीड बारहून थोडा अधिक दाब मिळतो.

दाबातील हा फरक साडेचार पटींचा असला तरी धार साडेचार पट होत नाही. छिद्रातून बाहेर पडणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दाब चौपट झाला की प्रवाह दुप्पट. त्यामुळे खालच्या घरात धार साधारण दुप्पट असते. हेच गणित पुढे पंप घेतानाही उपयोगी पडते.

टाकी उंचावली तर फरक पडतो का?

पडतो, पण किती हे मजल्यावर अवलंबून आहे. वरच्या उदाहरणात टाकी आणखी १ मीटर उंचावली तर सर्वात वरच्या घराला साडेतीनऐवजी साडेचार मीटर उंची मिळते आणि प्रवाह सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. खालच्या घराला तोच बदल जाणवणारही नाही. तिथे वाढ जेमतेम ३ टक्के असेल.

दुसरीकडे, हजार लिटर पाण्याचे वजन १ टन असते. त्यात टाकीचे आणि चौथऱ्याचे वजन मिळवायचे. जुन्या इमारतीच्या गच्चीवर विटांचा चौथरा रचून किंवा लोखंडी सांगाडा उभारून टाकी उंचावण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यायला हवा. स्लॅबच्या मध्यभागी पडणारा भार आणि खांब-तुळयांवर पडणारा भार यांत मोठा फरक असतो.

दोष कुठे आहे, हे घरच्या घरी कसे ओळखायचे?

यासाठी एक बादली आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. शॉवरखाली बादली धरून ती भरायला किती वेळ लागतो, हे मोजावे. २० लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली तर प्रवाह मिनिटाला ८ लिटर. चांगल्या शॉवरमधून मिनिटाला ६ ते ९ लिटर पाणी मिळाले तर आंघोळ नीट होते. चार लिटरच्या खाली गेले की केसांतला साबण निघायला वेळ लागतो.

त्यानंतर शॉवरची चाळणी हाताने फिरवून काढावी आणि उघड्या पाइपमधून तेच मोजमाप पुन्हा करावे. पाणी धो-धो आले तर दोष चाळणीत आहे. उघड्या पाइपमधूनही बारीकच आले तर बाथरूममधला खालचा नळ तपासावा. नळाला जोर आहे आणि शॉवरला नाही, असे असेल तर मिक्सर किंवा डायव्हर्टरमध्ये अडथळा असण्याची शक्यता जास्त. मात्र खालचा नळ शॉवरपेक्षा दीड मीटर खाली असतो, हे लक्षात ठेवावे. वरच्या मजल्यावर तेवढ्यानेही धारेत फरक पडतो.

थंड पाणी आणि गरम पाणी स्वतंत्रपणे मोजावे. केवळ गरम पाणीच बारीक असेल तर तपास गीझरकडे वळवावा. सगळ्या घरात पाणी कमी असेल तर घराचा मुख्य कॉक, गच्चीवरचा कॉक आणि टाकीची पातळी पाहावी. गच्चीवर दुरुस्तीनंतर अर्धवट उघडा राहिलेला कॉक हे कारण वाटते त्याहून अधिक वेळा निघते. जुन्या गेट व्हॉल्व्हची आतली झडप गंजून तुटते. वरचे चाक फिरत राहते, पण झडप खालीच अडकलेली असते. शेजाऱ्यांकडेही त्याच वेळी पाणी कमी येत असेल तर दोष घरात नसून सामाईक लाइनमध्ये आहे.

एखाद्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतर धार गेली असेल, तर पाइपमध्ये हवा अडकलेली असू शकते. गच्चीवर पाइप कुठे कमानीसारखा वर उचललेला असेल तर त्या उंचवट्यावर हवा साठते आणि कमी दाबाचे पाणी तिला ढकलू शकत नाही. अशा ठिकाणी हवा जाण्यासाठी वर उघडा उभा पाइप, ज्याला प्लंबर एअर व्हेंट म्हणतात, तो असणे हा कायमचा उपाय आहे. त्याचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वर असावे लागते.

जड पाण्याचा काय संबंध?

बोअरचे आणि अनेकदा टँकरचे पाणी जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. पाणी तापले की हे क्षार लवकर बाहेर पडतात. म्हणूनच गरम पाण्याचा शॉवर, गीझरची कॉइल आणि मिक्सर यांवर पांढरा थर आधी जमतो. शॉवरच्या छिद्राचा व्यास जेमतेम १ मिलिमीटर असतो. त्यात थोडा थर साचला तरी छिद्र बुजते किंवा धार वाकडी उडते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. चाळणी काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्त्वात अर्धा ते एक तास बुडवून ठेवावी. बुडबुडे येतात ते क्षार विरघळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे असतात. नंतर जुन्या टूथब्रशने घासून, सुईने छिद्रे मोकळी करून, चाळणी स्वच्छ पाण्याने धुवावी. रबरी टोकांची चाळणी असेल तर नुसती बोटाने चोळली तरी थर निघतो. चाळणी निघत नसेल तर व्हिनेगर भरलेली प्लास्टिकची पिशवी तिच्याभोवती बांधता येते. शॉवरच्या मुखाशी बारीक जाळी असते, तिच्यात वाळूचे आणि गंजाचे कण अडकलेले असतात, तीही धुवावी.

संडास साफ करण्याचे तीव्र अ‍ॅसिड यासाठी वापरू नये. त्याने वरचा चकचकीत मुलामा उतरतो. कोणतेही आम्ल ब्लीचमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

भिंतीतल्या पाइपमध्ये काय अडते?

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, म्हणजे जीआय पाइप आहेत. मुलामा झिजला की आतून गंज चढतो आणि पाण्याची वाट अरुंद होत जाते. सकाळी पहिल्यांदा नळ सोडल्यावर तांबूस पाणी येत असेल तर ती याची खूण समजावी. हे पाइप आतून साफ करता येत नाहीत, बदलावे लागतात.

बदलताना मात्र एक चूक सर्रास होते. अर्ध्या इंची जीआय काढून त्या जागी अर्ध्या इंची सीपीव्हीसी टाकला जातो. नाव एकच असले तरी दोन्हींची आतली पोकळी सारखी नसते. १५ मिलिमीटर जीआय पाइपचा आतला व्यास साधारण १६ मिलिमीटर भरतो. त्याच नावाच्या सीपीव्हीसी पाइपचा मात्र १२ ते १३ मिलिमीटरच असतो. सीपीव्हीसी आतून गुळगुळीत असतो हे धरूनही, तेवढेच पाणी वाहताना त्यातील दाबाची घट नव्या जीआयच्या जवळपास दुप्पट होते. नूतनीकरणानंतर ‘नवे पाइप टाकले आणि पाणी कमी झाले’ असे म्हणणाऱ्यांची तक्रार त्यामुळे खोटी नसते.

आकड्यांत पाहायचे तर, १५ मिलिमीटर सीपीव्हीसीच्या १० मीटर लांबीतून मिनिटाला ८ लिटर पाणी न्यायचे असेल, तर सुमारे १.२ मीटर उंचीइतका दाब केवळ घर्षणात खर्च होतो. वरच्या मजल्यावर एकूण साडेतीन मीटरच हाताशी असताना हा एक तृतीयांश वाटा झाला. त्याच ठिकाणी २० मिलिमीटरचा पाइप वापरला तर हा खर्च २० सेंटिमीटरच्या आसपास येतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर टाकीपासून बाथरूमपर्यंत आणि शक्य तर मिक्सरच्या तोंडापर्यंत मोठ्या व्यासाचा पाइप न्यावा. शेवटच्या टप्प्यावरच तो कमी करावा. कोपरे जितके कमी, तितके चांगले. दीड बारचा दाब असलेल्या खालच्या मजल्यावर मात्र या बदलाने फारसा फरक जाणवणार नाही.

कॉकच्या निवडीचाही परिणाम होतो. पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह पाण्याला सरळ वाट देतो. भिंतीतल्या जुन्या पद्धतीच्या स्टॉप कॉकमध्ये पाण्याला नागमोडी वळण घ्यावे लागते. गीझरला जोडलेल्या वेणीदार लवचीक नळीचे तोंड अर्ध्या इंचाचे असले तरी आतली रबरी नळी बऱ्याचदा ६ ते ८ मिलिमीटरची निघते. कमी दाबाच्या घरात अशा दोन नळ्या गरम पाण्याची धार अर्ध्यावर आणू शकतात.

केवळ गरम पाणीच बारीक येत असेल तर?

लवचीक नळ्यांव्यतिरिक्त गीझरच्या प्रवेशावर बसवलेला मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह तपासावा. पाणी उलटे जाऊ न देणे आणि टाकीतला दाब वाढला तर तो सोडून देणे, ही त्याची कामे असतात. त्यात क्षार अडकले की गरम पाण्याची धार कमी होते. तो साफ करावा किंवा बदलावा; मात्र धार वाढावी म्हणून काढून टाकू नये किंवा त्याचे दाब सोडणारे तोंड बंद करू नये. थर्मोस्टॅट बिघडला आणि दाबाला वाट नसेल तर गीझरचा स्फोट होऊ शकतो.

गॅस गीझरचा प्रश्न वेगळा आहे. त्यातला बर्नर पाण्याच्या दाबावर पेटतो. दाब कमी असेल तर तो पेटतच नाही किंवा मध्येच विझतो. त्यासाठी गीझरमध्ये फेरफार करणे धोक्याचे आहे. गॅस गीझर बंदिस्त बाथरूममध्ये बसवलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतोच. या वायूला रंग नाही, वास नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा.

सौर बंबाच्या घरांत आणखी एक अडचण दिसते. बहुतेक घरगुती सौर बंब हवेला उघडे असतात, म्हणजे त्यांच्यावर बाहेरून दाब टाकता येत नाही. फक्त थंड पाण्याच्या लाइनवर पंप लावला तर मिक्सरमध्ये जास्त दाबाचे थंड पाणी गरम पाण्याच्या पाइपमध्ये घुसते आणि गरम पाणी यायचे थांबते. त्यामुळे दोन्ही लाइनचा दाब जवळपास सारखा ठेवावा लागतो. गरम बाजूला पंप लावायचाच असेल तर तो बंबाच्या पुढे, गरम पाण्यासाठी बनवलेला हवा आणि दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवेत.

महागडा शॉवर घेतल्याने धार वाढते का?

अनेकदा उलट होते. अमेरिकेत १९९२च्या ऊर्जा कायद्याने शॉवरसाठी मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साधारण साडेनऊ लिटर, अशी कमाल मर्यादा घातली आणि ती ८० पीएसआय, म्हणजे साडेपाच बार दाबाला मोजली जाते. हा दाब भारतातल्या वरच्या मजल्यावरील घराच्या पंधरा-वीस पट आहे. अशा दाबासाठी बारीक छिद्रांचा केलेला शॉवर ०.२५ बारवर लावला तर वर्गमुळाच्या हिशोबाने मिनिटाला केवळ २ लिटरच्या आसपास पाणी देईल. छतातून पाऊस पाडणारा मोठा चौकोनी शॉवरही कमी दाबात निराशा करतो. तेवढेच पाणी शेकडो छिद्रांत वाटले जाते आणि थेंब नुसते टपकतात.

कमी दाबाच्या घरात लहान चाळणीचा, मोजक्या पण पुरेशा मोठ्या छिद्रांचा शॉवर अधिक उपयोगी ठरतो. घेताना किमान किती बार दाब लागतो, हे खोक्यावर पाहावे. काही शॉवरमध्ये पाणी वाचवण्यासाठी प्लास्टिकची प्रवाहरोधक चकती असते; दाब मुळातच कमी असेल तर ती काढता येते. शॉवर अर्धा फूट खाली बसवणे किंवा हातात धरायचा शॉवर कमरेच्या उंचीवर वापरणे, हेही बिनखर्चाचे उपाय आहेत. ज्येष्ठ नागरिकांना बसून आंघोळ करताना त्याचा दुहेरी फायदा होतो.

प्रेशर पंप कधी घ्यावा आणि कोणता?

चाळणी, कॉक, पाइप तपासूनही उघड्या पाइपमधून पुरेसे पाणी येत नसेल आणि टाकी उंचावणे शक्य नसेल, तेव्हा पंप हा योग्य उपाय आहे. ०.३५ बारच्या घरात १ बारची भर पडली तर प्रवाह जवळपास दुप्पट होतो. एका-दोन बाथरूमसाठी त्याहून अधिक दाबाची गरज नसते. मोठा पंप म्हणजे अधिक सुख असे नाही; तो जुन्या पाइपच्या जोडांवर ताण टाकतो. भिंतीत लपलेल्या गंजक्या जीआय पाइपवर दाब वाढवला की गळती सुरू होते आणि ती आधी दिसते खालच्या घराच्या छतावर.

हे पंप दोन प्रकारे सुरू होतात. एका प्रकारात पाणी वाहू लागले की फ्लो स्विच पंप चालू करतो. त्यासाठी मिनिटाला साधारण एक-दोन लिटर पाणी आधी आपोआप वाहायला हवे. टाकीचा तळ शॉवरच्या जवळपास असेल तर तेवढेही वाहत नाही आणि पंप सुरूच होत नाही. दुसऱ्या प्रकारात पाइपमधला दाब उतरला की प्रेशर स्विच पंप चालू करतो. तो अशा घरांत चालतो; पण एखादा नळ टपकत असेल तर रात्रभर थांबून थांबून सुरू होत राहतो. छोटी दाबटाकी जोडली तर हा त्रास कमी होतो.

टाकी रिकामी असताना पंप आपोआप बंद पडण्याची सोय, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, वीज गेल्यावर पाणी थेट यावे म्हणून बायपास, अर्थिंग आणि विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी या गोष्टी असायला हव्यात. पंपाखाली रबराचा थर टाकला तर स्लॅबमधून जाणारा आवाज कमी होतो. गीझर पंपाचा दाब सोसेल का, हे त्याच्या पट्टीवर लिहिलेल्या बारच्या आकड्यावरून तपासावे.

सोसायटीत पंप लावताना वाद का होतात?

कारण पंप पाणी तयार करत नाही, ते फक्त ओढतो. एकाच उभ्या पाइपवर, म्हणजे डाउनटेकवर, अनेक घरे असतात. मधल्या मजल्यावरच्या कुणी त्या पाइपला थेट पंप जोडला तर पंप सुरू असताना त्या ठिकाणचा दाब घसरतो. वरच्या घराकडे आधीच कमी दाब असतो; तिथले पाणी थांबते, कधी नळातून हवा आत ओढली जाते. मग तेही पंप घेतात आणि एकेक करत सगळ्या इमारतीत पंप बसतात. शेवटी धार कुणाचीच सुधारत नाही, वीजबिल सगळ्यांचे वाढते.

यावर न्याय्य मार्ग दोन आहेत. एक, पंप लावणाऱ्याने टाकीपासून स्वतंत्र लाइन घ्यावी. दोन, सोसायटीनेच गच्चीवर एक दाबयंत्रणा बसवून तिच्यावर फक्त वरच्या दोन-तीन मजल्यांची वेगळी लाइन टाकावी. अनेक नव्या इमारतींत ही व्यवस्था बांधतानाच केली जाते. सामाईक टाक्या, पंप आणि बाहेरच्या जलवाहिन्या सोसायटीच्या अखत्यारीत येतात, तर घरातील जोडण्या सदस्याच्या. त्यामुळे सामाईक लाइनला हात लावण्यापूर्वी समितीची लेखी परवानगी घेणे योग्य ठरते. वरच्या मजल्यावरील कुटुंबाला पुरेसे पाणी मिळत नसेल, तर तो प्रश्न त्यांचा एकट्याचा म्हणून सोडून देता येत नाही. देखभाल शुल्क सगळ्यांचेच जाते.

महापालिकेच्या लाइनवर मोटर लावणे धोक्याचे का?

महापालिकेच्या जोडणीला थेट मोटर लावणे नियमबाह्य आहे आणि उन्हाळ्यात महापालिका अशा मोटारी जप्तही करतात. कारण केवळ पाणीवाटपाचे नाही. राज्यातील बहुतेक शहरांत पाणी दिवसातले काही तासच येते. मोटर पाणी खेचते तेव्हा जलवाहिनीतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही खाली जाऊ शकतो. जमिनीखालच्या जुन्या पाइपला कुठे ना कुठे गळती असते आणि बाजूने गटार वाहत असते. दाब असताना त्या गळतीतून पाणी बाहेर जाते. दाब उतरला की गटाराचे पाणी आत ओढले जाते. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर यांच्या साथींना अशी दूषित पाण्याची वाट मिळते. मोटर नसलेल्या घरांना त्यात आधी पाणी कमी मिळते आणि मग घाण पाणी मिळते. महापालिकेचे पाणी आधी जमिनीतील टाकीत घ्यायचे आणि तिथून पंपाने गच्चीवर चढवायचे, हीच योग्य पद्धत आहे.

केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या १९९९च्या पाणीपुरवठा नियमावलीत एकमजली घरांसाठी जोडणीच्या ठिकाणी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीनमजलीसाठी १७ मीटर इतका किमान दाब सुचवला होता. एवढा दाब दिवसभर मिळाला तर छोट्या घरांना टाकी आणि पंप या दोन्हींची गरज उरत नाही. साताऱ्यातील कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि टप्प्याटप्प्याने वाढणारे दर यांच्या आधारे चोवीस तास पाणी देऊन हे छोट्या शहरालाही शक्य असल्याचे दाखवले.

उंच इमारतींत उलटा प्रश्न का येतो?

तीस मजल्यांच्या इमारतीत टाकीपासून तळापर्यंत सुमारे ९० मीटर उंची, म्हणजे ९ बार दाब तयार होतो. अनेक साठवण गीझर ८ बारपर्यंतच्या दाबासाठी बनवलेले असतात. म्हणून मधल्या टप्प्यांवर दाब कमी करणारे पीआरव्ही व्हॉल्व्ह बसवतात. अशा इमारतीत एकाच पट्ट्यातील चार-पाच मजल्यांची धार अचानक गेली तर बहुधा त्या पीआरव्हीची जाळी कचऱ्याने भरलेली असते. तो व्हॉल्व्ह सोसायटीच्या तंत्रज्ञानेच साफ करावा. धार वाढवण्यासाठी परस्पर पिळला तर खालच्या घरातले गीझर आणि नळ्या फुटू शकतात.

जोरदार धारेची किंमत किती?

शहरांत दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. मिनिटाला ४ लिटरचा शॉवर ८ मिनिटे चालला तर ३२ लिटर लागतात; पंपाने तोच ८ लिटरवर नेला तर ६४ लिटर. चार माणसांच्या घरात रोज १२८ लिटरची, म्हणजे जवळपास एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याची, भर पडते. २५० वॅटच्या पंपाला रोजच्या ३२ मिनिटांसाठी महिन्याला अवघे चार युनिट लागतात. वीज त्यामानाने स्वस्त, पाणी नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागलेल्या लातूरला किंवा मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या उपनगरांतील सोसायट्यांना हा हिशोब वेगळा सांगावा लागत नाही. साबण लावताना शॉवर बंद करणे आणि सुधारलेल्या धारेसोबत आंघोळीचा वेळ कमी करणे, एवढे केले तरी वापर आटोक्यात राहतो.

मग क्रम कोणता असावा?

आधी बादलीने मोजणे, मग चाळणी आणि जाळी धुणे. त्यानंतर सगळे कॉक पूर्ण उघडे आहेत का, हे गच्चीपर्यंत जाऊन पाहणे. गरम पाणी बारीक असेल तर लवचीक नळ्या आणि गीझरचा व्हॉल्व्ह. त्यानंतर कमी दाबाला साजेसा शॉवर. इथवरचा खर्च काही रुपयांपासून फार तर एक-दोन हजारांपर्यंत जातो. बाथरूमचे नूतनीकरण करायचेच असेल तर पाइपचा व्यास वाढवून घ्यावा, कारण टाइल लागल्यानंतर ती संधी पुन्हा पंधरा-वीस वर्षे येत नाही. टाकी उंचावणे आणि पंप हे शेवटचे दोन पर्याय आणि तेही सोसायटीला विचारून. प्लंबरला बोलावताना ‘प्रेशर नाही’ एवढेच न सांगता मिनिटाला किती लिटर येते, चाळणी काढल्यावर किती येते आणि गरम-थंड पाण्यात किती फरक आहे, हे तीन आकडे लिहून ठेवले, तर अनावश्यक पंपाचा खर्च बहुतेकदा तिथेच वाचतो.